भोंगा बंद पडल्यानंतरची आळी

मुंबईच्या जुन्या गिरण्यांत सूत कातणाऱ्या कितीतरी सांच्यांच्या बिडाच्या अंगावर एका परक्या गांवाचें नांव ओतलेलें असे. ते सांचे घडविणारी कंपनी प्लॅट ब्रदर्स आणि तें गांव ऑल्डहॅम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडधंद्याचीं यंत्रें तयार करणारा एवढा मोठा कारखाना जगांत दुसरा नव्हता. तीं यंत्रें जहाजांतून मुंबईस आलीं आणि त्यांच्याभोंवतीं परळ-लालबागच्या चाळी उठल्या. परंतु तीं जेथून आलीं, त्या गांवीं त्यांच्याभोंवतीं कोणत्या प्रकारची वस्ती उठली होती, तेथें माणसें कशीं राहत होतीं, आणि गिरण्या गेल्यावर त्याच घरांत आज कोण व कसें राहतें, हें समजून घेण्याजोगें आहे. गिरणी बंद पडली म्हणजे तिचें धुराडें पाडून टाकतां येतें. तिच्यासाठीं वसलेली आळी मात्र मागें राहते, आणि आपण एकत्र कां राहतों ह्या प्रश्नाचें नवें उत्तर तिला शोधावें लागतें. ऑल्डहॅमच्या आळ्या आज कित्येक वर्षें हें उत्तर शोधीत आहेत.

मँचेस्टरच्या ईशान्येस अवघ्या सात मैलांवर, पेनाइन डोंगराच्या उतारावर हें शहर वसलें आहे. त्याला मोठी नदी नाहीं, बंदर नाहीं, प्राचीन विद्यापीठाची परंपरा नाहीं. १८०१ च्या शिरगणतींत येथें सुमारें १२,००० लोक होते. १९०१ च्या शिरगणतींत ते सुमारें १,३७,००० झाले. ही वाढ सर्वस्वीं कापसाची. डोंगरावर अडणाऱ्या ढगांमुळें हवा सदोदित दमट असते आणि दमट हवेंत धागा सहसा तुटत नाहीं. पायांखालच्या जमिनींत दगडी कोळसा होता. आणि कापसाची व सुताची बाजारपेठ मँचेस्टर हाकेच्या अंतरावर होती. पहिल्या महायुद्धापूर्वीं येथील गिरण्यांची संख्या ३०० हून अधिक झाली होती, आणि जगांतील दुसऱ्या कोणत्याहि शहरांत नव्हत्या इतक्या चात्या येथें फिरत होत्या.

ह्या गिरण्यांच्या मालकीचा प्रकारहि थोडा निराळा होता. १८५८ मध्यें स्थापन झालेल्या एका कंपनीनें पुढें ‘सन मिल’ उभारली. तिचे भाग घेणाऱ्यांत कामगार होते. १८७० नंतर अशा मर्यादित कंपन्यांची लाटच आली. सूत कातणारा मनुष्य आपली बचत गिरणीला कर्जाऊ देई, किंवा तिचे भाग विकत घेई, आणि तिमाही ताळेबंद निघाला म्हणजे नफ्यातोट्याची चर्चा पिठ्यांतून व दारोदार चाले. आळींतल्या माणसाच्या दृष्टीनें गिरणी ही केवळ मजुरीची जागा नव्हती. म्हातारपणाची पुंजीहि पुष्कळदां तिच्याच पोटांत असे.

आतां घरें पाहावीं. तीं ओळींत, खांद्याला खांदा लावून उभीं असतात. एका घराची भिंत तीच शेजाऱ्याची भिंत. तांबड्या विटा, पाटीच्या दगडाचें छप्पर, आणि थेट पदपथावर उघडणारें दार. मध्यें ओटा नाहीं कीं ओसरी नाहीं. खालीं दोन खोल्या, वर दोन खोल्या. पुढची बैठकीची खोली नीटनेटकी ठेवून ती रविवारसाठीं, पाहुण्यांसाठीं आणि घरांतल्या मृताच्या अखेरच्या मुक्कामासाठीं राखलेली. रोजचा संसार सारा मागच्या खोलींत, विस्तवाशेजारीं. त्यामागें फरसबंदीचें चिमुकलें आवार, त्याच्या कोपऱ्यांत कोळशाची जागा व शौचकूप, आणि मागच्या दारापलीकडे दोन ओळींच्या पाठींमधून जाणारा अरुंद बोळ. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर ठिकठिकाणच्या नगरपालिकांनीं घरबांधणीचे नियम कडक केले. प्रत्येक घराला मागचें दार, स्वतःचें आवार आणि पुढें पुरेशा रुंदीचा रस्ता मिळाला तो ह्या नियमांमुळें. त्यापूर्वींचीं, पाठीला पाठ लावून बांधलेलीं अंधारीं घरें ज्यांनीं पाहिलीं होतीं, त्यांना ह्या चार खोल्या म्हणजे मोठीच सुधारणा वाटली.

मुंबईच्या चाळींत लांबलचक गॅलरी सर्व बिऱ्हाडांना एकत्र आणते. ऑल्डहॅमच्या ओळींत तें काम दारापुढच्या पायरीनें केलें. गृहिणी मऊ दगडानें ती पायरी घासून तिची कड उजळीत. कोळशाच्या धुरानें सारें शहर काळवंडलेलें असतां ती फिकट कड हा त्या घराचा अभिमान असे. एखाद्या घराची पायरी वेळच्या वेळीं घासलेली दिसली नाहीं, तर आंत कांहीं आजारपण असावें, हें शेजारणीला न सांगतां कळे. बाळंतपणाला धांवून जाणारी आणि प्रेताला स्नान घालणारी बाई ही आळींतलीच एक असे. सोमवारीं धुण्याच्या दोऱ्या मागच्या बोळांतून आडव्या जात.

ह्या वस्तीचें घड्याळ गिरणीच्या हातीं होतें. पहांटे एक मनुष्य लांब काठी घेऊन आळींतून फिरे आणि वरच्या खिडकीच्या कांचेवर टकटक करून लोकांना जागें करी. त्याबद्दल त्याला दर आठवड्यास कांहीं पेन्स मिळत. मग लांकडी तळाच्या बुटांचा आवाज फरशीवर उठे आणि थोड्याच वेळांत रस्ता मोकळा होई. गिरणीच्या आंत ते बूट काढावे लागत. म्यूल नांवाच्या कताईयंत्रापुढील जमीन तेलानें माखलेली आणि हवा इतकी उष्ण, कीं पुरुष व पोरें अनवाणीच वावरत. त्या तेलापासून होणारा कातडीचा कर्करोग हा सूत कातणाऱ्यांचा खास रोग म्हणून पुढें वैद्यकशास्त्रानें नोंदला. शहराच्या पूर्वेस स्प्रिंगहेड येथें १८७९ मध्यें जन्मलेली ॲनी केनी दहाव्या वर्षीं अर्धा दिवस गिरणींत आणि अर्धा दिवस शाळेंत जाऊं लागली; कामावर असतांना फिरत्या बॉबिननें तिचें एक बोट गेलें. १९०५ मध्यें मँचेस्टरच्या एका सभेंत स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न विचारून तिनें उत्तराचा आग्रह धरला व त्यापायीं तुरुंगवास पत्करला. २०१८ मध्यें ऑल्डहॅमनें आपल्या मधल्या चौकांत तिचा पुतळा उभारला.

कष्टांप्रमाणें विसांवाहि सामुदायिक होता. ऑगस्टच्या अखेरीस ‘वेक्स’ची सुटी आली म्हणजे सर्व गिरण्या एकदम बंद होत आणि धुराडीं थंड पडत. वर्षभर भिशीसारख्या मंडळांत पैसा साठवून लोक ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जात, आणि तेथेंहि शेजारच्या खुर्चीवर भेटे तो पुष्कळदां आपल्याच आळींतला.

ह्या शहराचा व पश्चिम हिंदुस्थानाचा धागा केवळ यंत्रांनींच जोडलेला नव्हता. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरमध्यें कापसाचा दुष्काळ पडला. गिरण्यांनीं खानदेश-वऱ्हाडकडचा आंखूड धाग्याचा हिंदी कापूस घेऊन पाहिला. तिकडे त्याला सरसकट ‘सुरती’ म्हणत. तो वारंवार तुटे, मजुरी घटे, आणि कामगार त्याच्या नांवानें बोटें मोडीत. त्याच कापसानें मुंबईंत सोन्याचा पूर आणला. भागांच्या बाजारांत लोक वेडे झाले आणि १८६५ मध्यें तो फुगा फुटून अनेक घराणीं धुळीस मिळालीं. ऑल्डहॅममध्यें त्याच काळांत बेकार झालेल्या गिरणीकामगारांना काम मिळावें म्हणून ग्लॉडविक ह्या वस्तीच्या कडेला एक मोठें उद्यान करावयास घेतलें. खणणें, भर घालणें, वाटा आंखणें हीं सर्व कामें सूत कातणाऱ्या हातांनीं केलीं. १८६५ च्या ऑगस्टमध्यें तें ॲलेक्झांड्रा पार्क खुलें झालें. मुंबईचा पूर त्याच वर्षीं ओसरला. ऑल्डहॅमची बाग अजून आहे.

अमेरिकेचा कापूस पुन्हा आला आणि गिरण्या पुन्हा धडधडूं लागल्या. परंतु पहिल्या महायुद्धानंतर जी उतरती कळा लागली तिला तशी अखेर नव्हती. १९१९-२० च्या तेजींत गिरण्यांच्या किंमती अवाच्या सवा फुगवून नव्या कंपन्या काढण्यांत आल्या. मंदी येतांच भागधारकांना भागांची उरलेली रक्कम भरण्याचे तगादे आले आणि कित्येक साध्या कुटुंबांची आयुष्यभराची बचत बुडाली. लँकेशायरचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक हिंदुस्थान होतें. तेथें आतां देशी गिरण्यांचें कापड, वाढती जकात, स्वदेशीची चळवळ आणि जपानी माल ह्या सर्वांशीं गांठ पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांहीं वर्षें बरीं गेलीं. परंतु १९५८ मध्यें ब्रिटनची सुती कापडाची आयात निर्यातीहून अधिक झाली, आणि पुढच्याच वर्षीं सरकारनें कायदा करून जुनीं यंत्रें मोडण्यासाठीं गिरण्यांना भरपाई देऊं केली.

जीं यंत्रें उरलीं व जीं नवीं आलीं, तीं महागडीं होतीं. रात्रंदिवस चालल्याखेरीज तीं परवडत नसत. स्थानिक पुरुष रात्रपाळीस नाखूष होते; स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर कायद्याचे निर्बंध होते. ही उणीव काश्मीरच्या मिरपूर भागांतून, पंजाबांतून आणि तेव्हां पूर्व पाकिस्तानांत असलेल्या सिल्हेटमधून आलेल्या पुरुषांनीं भरून काढली. मिरपूरजवळ १९६७ मध्यें पूर्ण झालेल्या मंगला धरणानें सुमारें एक लाख लोक विस्थापित झाले; त्यांतील पुष्कळांची पाउलें इंग्लंडकडे वळलीं. प्रथम एकटे पुरुष आले. एका घरांत अनेकजण राहत. एक पाळीवर गेला म्हणजे दुसरा येऊन त्याच बिछान्यावर निजे. हें चित्र मुंबईच्या गिरणगांवांतील गाळ्यांत राहिलेल्या कोंकणी वा घाटी मनुष्याला मुळींच अपरिचित वाटणार नाहीं. पुढें बायकामुलें आलीं, आणि गिरणीजवळचीं, स्वस्तांत मिळणारीं तींच चार खोल्यांचीं घरें त्यांनीं विकत घेतलीं. ग्लॉडविक व वर्नेथ ह्या वस्त्यांत पाकिस्तानी कुटुंबें स्थिरावलीं, वेस्टवुड व कोल्डहर्स्टमध्यें बंगाली.

ह्या गोष्टीची गांठ आहे ती येथेंच. एका छपराखालीं काम करणारीं माणसें एकमेकांस ओळखूं लागतात असें सामान्यतः मानलें जातें, आणि आळीच्या पहिल्या शंभर वर्षांत तें खरेंहि होतें. पण आतां बहुतेक गोरे कामगार दिवसा येत आणि बहुतेक आशियाई कामगार रात्रीं. यंत्र तेंच, जागा तीच. फक्त माणसें पाळीपाळीनें. दोन समाजांची भेट व्हावयाची ती पाळी बदलतांना, फाटकाशीं, एक थकून जातांना आणि दुसरा झोंपमोड करून येतांना. घराच्या बाबतींतहि तसेंच झालें. गोरीं कुटुंबें शहराच्या कडेला नगरपालिकेनें बांधलेल्या नव्या वसाहतींत गेलीं. जुन्या ओळी आशियाई कुटुंबांना राहिल्या. ही फाळणी सर्वस्वीं आपखुशीची नव्हती. नगरपालिकेच्या घरवांटपाची चौकशी करून वंशसमता आयोगानें १९९३ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला; वांटपांत आशियाई कुटुंबांना भेदभावाची वागणूक मिळाली व त्यांना ठराविक भागांतच घरें दिलीं गेलीं, असें त्यांत दाखविलें होतें. वस्त्या वेगळ्या झाल्या म्हणून शाळा वेगळ्या झाल्या, आणि शाळा वेगळ्या झाल्या म्हणून मैत्र्याहि वेगळ्या.

मग गिरण्याच गेल्या. १९६० पासूनच्या दोन दशकांत त्या एकीमागून एक बंद पडत गेल्या. १९२६ मध्यें बांधलेली एल्क गिरणी ही त्यांतली अगदीं अखेरची; ती १९९८ मध्यें बंद झाली व पाडली गेली. तिच्या जागेवर आज दुकानांचा बाजार आहे आणि त्याला नांव मात्र एल्क गिरणीचेंच आहे. शहराच्या मध्यभागीं १९९३ मध्यें उघडलेल्या मोठ्या बाजारसंकुलाचें नांव तर ‘स्पिंडल्स’, म्हणजे चात्या. नांवें राहिलीं, काम गेलें. आणि जें फाटक दोन्ही समाजांना निदान क्षणभर समोरासमोर आणीत असे, तेंहि कामाबरोबर गेलें.

२६ मे २००१ च्या रात्रीं ग्लॉडविकमध्यें दंगल उसळली आणि ती तीन रात्री चालली. एका घराबाहेरील भांडणापासून वाढत जाऊन ती दगडफेक, पेट्रोलबाँब आणि पोलिसांशीं चकमकी येथवर पोंचली. आंत माणसें असतांना ज्या मद्यगृहावर हल्ला झाला, त्याचें नांव ‘लिव्ह अँड लेट लिव्ह’, म्हणजे जगा आणि जगूं द्या, असें होतें. त्याच उन्हाळ्यांत बर्नली व ब्रॅडफर्ड ह्या दुसऱ्या दोन गिरणीच्या गांवांतहि तेंच घडलें. सरकारनें नेमलेल्या, टेड कँटल ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ह्या शहरांतील लोक ‘समांतर आयुष्यें’ जगत आहेत असें लिहिलें. दोन समांतर रेषांमधलें अंतर फार नसलें तरी त्या मिळत नाहींत. ऑल्डहॅमच्या बाबतींत हें अंतर कित्येकदां एका रस्त्याच्या रुंदीएवढेंच होतें.

ह्यावर उपाय म्हणून जे प्रयत्न झाले, ते सर्वच सारख्या योग्यतेचे नव्हते. २००२ मध्यें सुरू झालेल्या एका सरकारी योजनेखालीं डर्कर व वर्नेथ येथील जुन्या ओळींचा कांहीं भाग पाडून नवीं घरें बांधावयाचें ठरलें. घरें रिकामीं करून दारेंखिडक्या पत्र्यांनीं बंद केल्या, कांहीं ओळी पाडल्या, आणि २०११ मध्यें पैसाच थांबला. शेजार मोडला तो तत्काळ. नवा शेजार उभा राहावयास मात्र वर्षें गेलीं. जीं घरें आपल्या आयुष्याची कमाई म्हणून लोकांनीं जपलीं होतीं, तीं सरकारी कागदांत टाकाऊ ठरलीं, ह्याचें दुःख गोऱ्या व आशियाई दोन्ही कुटुंबांना सारखेंच झालें.

दुसरा प्रयत्न शाळेचा. २०१० मध्यें एक जवळजवळ संपूर्ण गोऱ्या मुलांची आणि एक जवळजवळ संपूर्ण आशियाई मुलांची अशा दोन शाळा मोडून वॉटरहेड ॲकॅडमी ही एकच शाळा करण्यांत आली. पालकांत धास्ती होती. ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनीं कांहीं वर्षें ह्या मुलांचा अभ्यास केला. जेवणाच्या सुटींत मुलें बहुधा आपापल्यांतच बसत. परंतु एकमेकांविषयींची भीति ओसरत गेली, विश्वास वाढला, आणि थोड्याथोडक्या कां होईना, मैत्र्या जुळल्या. कामगिरी लहान दिसते. परंतु गिरणीनें रात्र आणि दिवस असे जे दोन वाटे केले होते, ते येथें प्रथमच एका वेळापत्रकांत बसले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें मोल कळतें.

आज त्या आळ्यांत राहणें कसें आहे? ऑल्डहॅम व आसपासचीं गांवें मिळून झालेल्या विभागाची लोकसंख्या २०२१ च्या शिरगणतींत २,४२,००० च्या घरांत होती. तींत सुमारें चौथा हिस्सा आशियाई वंशाचा. परसांतले शौचकूप केव्हांच गेले. मागें न्हाणीघर निघालें, आणि कुटुंब मोठें असलें तर छपराखालच्या माळ्यावर खिडकी काढून पांचवी खोली झाली. चार खोल्यांत तीन पिढ्या राहूं लागल्या म्हणजे जी दाटी होते, ती मुंबईकराला समजावून सांगावयास नको. जुन्या भिंतींना ओल येते, आणि हिंवाळ्यांत घर उबदार ठेवण्याचा खर्च जड जातो. ह्या ओळींच्या काळजींत ही ओल व हा खर्च नेहमींच असतो. उभ्या असलेल्या गिरण्यांपैकीं कांहींत गुदामें व लहान कारखाने आहेत. २०१४ पासून मँचेस्टरची ट्राम शहराच्या मधून जाते, आणि तिनें सकाळीं जाणाऱ्यांना आतां एकच एक भोंगा बोलावीत नाहीं. ज्याचें काम निराळें त्याची वेळ निराळी.

मुंबईंत १९८२ च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, त्यांच्या जमिनींवर गगनचुंबी इमारती उठल्या आणि गिरणगांवचा मनुष्य पुष्कळसा उपनगरांकडे पांगला. ऑल्डहॅममध्यें जमिनीला तेवढी किंमत नव्हती; म्हणून ओळी उभ्या राहिल्या, आणि सर्वांत स्वस्त घर ज्याला हवें होतें त्याच्या वांट्याला त्या आल्या. एका शहरांत शेजार विकला गेला. दुसऱ्या शहरांत तो नुसता वारशानें मिळाला. वारशानें मिळालेला शेजार आपोआप टिकत नाहीं, हा ऑल्डहॅमचा अनुभव आहे. भिंत दोघांची एक असली, तरी वेळ एक असावी लागते, मुलांची शाळा एक असावी लागते, आणि घरवांटप करणाऱ्या हातांत न्याय असावा लागतो. पूर्वींच्या आळीला ह्यांतलें बरेंचसें गिरणीच्या भोंग्यानें बांधून दिलें होतें. आजच्या आळीला तें नगरपालिकेच्या सभेंत, शाळेच्या वर्गांत आणि स्वतःच्या दारांत जाणूनबुजून जमवावें लागतें.

ग्लॉडविकच्या कडेचें ॲलेक्झांड्रा पार्क आजहि सर्वांना मोफत खुलें आहे. काम नसलेल्या माणसांनीं, अत्यंत वाईट काळांत, आपल्या शहरासाठीं तें खणलें होतें. त्या माणसांचीं आडनांवें निराळीं होतीं आणि प्रार्थनामंदिरेंहि निराळीं. पण त्यांनीं तयार केलेल्या वाटांवर आज जीं मुलें खेळतात, त्यांच्या आजोबांनीं त्याच गांवच्या गिरण्यांत रात्रीं जागून काढल्या आहेत. त्या बागेवर दोघांचाहि हक्क सारखाच आहे.